कापलेला प्रवेश

ते नाटक मी आधी पुण्यात पाहिलेलं होतं. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. बाळ महिन्याचं झालं आणि जावयांनी एका रविवारी मला बळेच घराबाहेर काढलं. "आई, तुम्ही आल्यापासून उंबरा ओलांडला नाही. शेजारच्या काकू नाटकाला चालल्यात, जाऊन या." म्हणून गेले.

विनोदी नाटक होतं. बायको वारलेला एक म्हातारा मुलीच्या घरी राहायला येतो आणि त्या घरात मुलीची सासू आधीपासून असते. दोघांचं पटत नाही. चहातल्या साखरेवरून, टीव्हीच्या आवाजावरून, बाथरूममधल्या बादलीवरून भांडणं. लोक हसत होते, मीही हसले. पण शेवटाकडे एक प्रवेश होता. लाईट गेलेली असते, घरात दोघंच असतात, मेणबत्तीच्या उजेडात मटार सोलत बसतात, आणि म्हातारा बोलायला लागतो. त्याच्या बायकोला आपला आजार ठाऊक होता आणि तिनं तो त्याला शेवटपर्यंत सांगितला नव्हता. तो म्हणतो, लोक मला विचारतात की तुम्हाला दुःख होतं का. कसलं दुःख, मला राग आलाय. आणि जिच्यावर राग आलाय तीच नाही, तर तो काढू कुणावर.

थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मला अक्का दिसायला लागल्या.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं मूळ घर कन्हेरीचं. माझ्या नोकरीमुळे आम्ही इंदापुरात राहतो, मी तिथं हायस्कूलला विज्ञान शिकवते. शेती आणि गाई थोरल्या घराकडे. माझे थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, आदल्या वर्षी गेले. पोटात गाठ होती. दुखायला लागलं की पित्त झालंय म्हणायचे आणि उसाला पाणी द्यायला निघून जायचे. अगदी शेवटी ॲडमिट केलं तेव्हा डॉक्टर बोलून गेले, "मी यांना मागच्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं." अक्का तेव्हा पलंगाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर अक्का रडलेल्या कुणी पाहिल्या नाहीत. पण गाईच्या पाठीवरची थाप जाऊन बुक्की आली. डेअरीवर फॅट कमी लागली तर तिथल्या माणसाला असं बोलायच्या की दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याकडे न बघताच दूध मापून घ्यायचा. भांडी घासायला बसल्या की आवाज रस्त्यापर्यंत. सून कंटाळून माहेरी जाऊन राहिली. भावकीतल्या बायका म्हणायच्या, हिचं डोकं फिरलंय. मला तसं वाटत नव्हतं, पण काय झालंय तेही नेमकं सांगता येत नव्हतं. पुण्यात तो म्हातारा बोलला तेव्हा मला सांगता आलं.

मग काही महिन्यांनी कळलं की तेच नाटक बारामतीला येतंय. आमचे हे ज्या सांस्कृतिक मंडळात आहेत, त्याच मंडळानं आणलं होतं. मी आधी कन्हेरीला फोन लावला.

"कसलं नाटक?" अक्का म्हणाल्या.

"विनोदी आहे. दुपारचा प्रयोग आहे, साडेचारचा."

"आन धारा कोन काढनार?"

"गडी आहे की."

"गड्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाय ती काळी गाय."

मी पिच्छा सोडला नाही. शेवटी पशुखाद्याची पोती आणायला बारामतीला जायचंच आहे, अशी स्वतःची समजूत घालून त्या तयार झाल्या. आत काय आहे ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आल्या नसत्या.

गाडीत त्या बऱ्याच दिवसांनी मोकळ्या बोलल्या. त्यांचं माहेर निरवांगीचं. लहानपणी जत्रेत गावातल्याच लोकांनी बसवलेली नाटकं त्यांनी पाहिली होती, बैलगाडीच्या साट्यावर बसून. "राजा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी आमच्या दारात ताक मागाय यायचा," म्हणाल्या.

"चांगली व्हायची का नाटकं?" मी विचारलं.

"काय चांगली. लय रटाळ. मग मानसं वरडायची, आता पुरं कर म्हनायची. त्यो बी गप आत जायचा."

हे हसले. त्या दिवसातलं आमचं हसणं तेवढंच.

साडेचारला पडदा उघडला तो सत्कारासाठी. नाटकाच्या सेटवर जो सोफा होता, मुलीच्या घरातला, त्याच सोफ्यावर पाहुणे बसवले होते. मंडळाचे अध्यक्ष माईकपाशी आले. दीपप्रज्वलन झालं. मग शाली. प्रमुख पाहुण्यांना शाल, त्यांच्या बरोबर आलेल्यांना शाल, देणगीदारांना शाल, हॉलच्या व्यवस्थापकाला शाल. नाटकातल्या मुख्य नटालाही मेकअप करून, भूमिकेच्या कपड्यांत बाहेर बोलावून शाल घातली. हा टीव्हीवरच्या मालिकेतला नट, नाटकात जावई होता, आणि जाहिरातीत फोटो त्याचाच होता. "ग्रामीण भागातल्या रसिकांची सांस्कृतिक भूक" असं अध्यक्ष तीनदा तरी म्हणाले. एक पाहुणे नाटकावर बोलता बोलता पाटाच्या पाण्याचं पुढचं आवर्तन कधी सुटणार यावर आले आणि तिथंच रमले.

अक्कांनी माझ्या कानाशी विचारलं, "ह्यो बी नाटकात हाय का?"

तासभर तरी गेला. माझ्या मागे एक पोर रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली, ती परत आली नाही. मी मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत राहिले. त्यांचंही नाव शालीच्या यादीत होतं, म्हणून त्यांना वर जाऊन यावं लागलं. येताना शाल घडी करून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "असतं हे सगळं. करावं लागतं."

अखेर नाटक सुरू झालं. आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं की हे ते नाटक नाही.

वाक्यं तीच होती, पण पळत होती. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू. पुण्यात ज्या भांडणांना लोक पोट धरून हसले ती इथं नुसती ओरडाओरड वाटत होती. आणि हसू येत नाही हे लक्षात आल्यावर त्या मालिकेतल्या नटानं भलतंच काढलं. मध्येच तो आमच्यासारखं बोलायला लागला. "आवं काय वं सासरं, ऊस गेला का तुमचा कारखान्याला?" सासरा पुण्याच्या सदाशिव पेठेत आयुष्य काढलेला माणूस. त्याचा कुठला ऊस? पण पुढच्या रांगांत हशा झाला, मग त्यानं तेच धरलं. दर दोन वाक्यांमागे "आवं", दर प्रवेशाला एक ऊस. आमची भाषा आमच्याच पुढ्यात वेडीवाकडी करून दाखवत होता आणि त्यावर टाळ्या घेत होता.

अक्का हसल्या नाहीत. "ह्याला बोलता येत न्हाय आमच्यासारकं," एवढंच म्हणाल्या.

मध्यंतरात पुढच्या सोफ्यांवरचे पाहुणे उठून गेले ते गेलेच. नंतरच्या अंकात पुढं सगळी मोकळी लाल सोफ्यांची रांग आणि मागं आम्ही. मी मनाला समजावत होते. चालायचं. तो एक प्रवेश नीट झाला म्हणजे झालं. म्हातारा नट चांगला होता, पुण्याच्या प्रयोगातलाच होता, इथंही तो एकटाच वाक्य पुरं करून बोलत होता. मी पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि सावरून बसले. आता लाईट जाईल, मेणबत्ती येईल.

लाईट गेलीच नाही. दारावरची बेल वाजली, मुलगी आणि जावई आत आले, जावई म्हणाला, "बाबा, आता कुठं जायचं नाही," म्हातारा म्हणाला, "बरं," सगळ्यांनी मिळून मोबाईलवर फोटो काढला आणि पडदा पडला. लगेच परत उघडला. सगळे हात जोडून उभे. लोक टाळ्या वाजवत उठायलाही लागले.

"झालं?" अक्का म्हणाल्या.

ज्या एका गोष्टीसाठी मी ह्या बाईला गाई सोडून इथवर आणलं होतं, ती नाटकवाल्यांनी पिशवीतून काढलीच नव्हती.

"चल," हे म्हणाले. "पार्किंगमधून गाडी निघायला वेळ लागतो."

"नाटक झालं नाही अजून."

"अगं, पडदा पडला."

"एक प्रवेश राहिलाय. तो झाल्याशिवाय मी उठत नाही."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझा चेहरा पाहिला. "हे बघ, मी मंडळात आहे. लोक बघतायत."

"बघू द्या."

अक्का अर्ध्या उठल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहून परत बसल्या. काय राहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं. "ही बसली तर मी बसते," म्हणाल्या.

हॉल रिकामा होत गेला. आम्ही बसून आहोत हे पाहून मागे बसलेल्या कॉलेजच्या दोघी-तिघी मुली थांबल्या. धोतर नेसलेले एक आबा आणि त्यांची बायको दाराशी पोचली होती, ती दोघं वळून विचारायला आली. मी सांगितलं की मी पुण्यात हे पाहिलंय आणि इथं शेवटचा महत्त्वाचा प्रवेश दाखवलेला नाही. आबांनी पुढचं काही विचारलं नाही, शेजारच्या खुर्चीत बसले. "आमी अंथुर्ण्यावरनं आलोय," म्हणाले. अंथुर्णे माझं माहेर. मी ओळख सांगितली नाही, ती वेळ नव्हती.

अध्यक्ष आले. "वहिनी, काय झालं? काय अडचन हाय का?"

मी तेच सांगितलं.

"आवो, मग काय झालं? संपलं न्हवं गोड? समदे खूश होऊन गेले."

"मी खूश नाही."

ते ह्यांच्याकडे बघून हसले, घरातलं काहीतरी असावं अशा बेतानं. मग नाटक कंपनीचा व्यवस्थापक आला. हातात दोन मोबाईल, तरुण, घाईत. रात्री अकलूजला प्रयोग होता आणि सेट सोडायला सुरुवातही झाली होती.

"मॅडम, तुम्ही पुण्यात पाहिलंत तो पूर्ण प्रयोग होता," तो म्हणाला. "बाहेरगावी आम्ही थोडा आटोपशीर करतो. तो प्रवेश जरा गंभीर आहे. ग्रामीण भागातला प्रेक्षक कंटाळतो."

"कोण कंटाळलं?"

"म्हणजे, अनुभव आहे आमचा."

"तो प्रवेश कुठल्या गावात केलात आणि लोक कंटाळले? गावाचं नाव सांगा."

तो अडखळला. "असं गावाचं नाव नाही सांगता येणार. एकूण अंदाज असतो."

"म्हणजे कुठंच केला नाहीत."

"मॅडम, सत्कारात आमचा तास गेला. तो आम्ही मागितला नव्हता." हे मात्र त्यानं अध्यक्षांकडे बघून म्हटलं. अध्यक्ष छताकडे बघायला लागले.

"सत्कार झाला नसता तर केला असता?" मी विचारलं.

तो हातातला मोबाईल बघायला लागला. तेव्हा आबा बोलले, अगदी सावकाश. "आमाला कटाळा आला असता तर आमी सांगितलं असतं, बाबा. तोंड हाय आमाला."

"काका, तुमच्या भल्यासाठीच..." व्यवस्थापक म्हणाला.

त्या शब्दावर माझा आवाज चढला. वर्गात पोरांवरही मी इतकी कधी ओरडले नाही. मी म्हटलं, आमच्या भल्याचं तुम्ही काय ठरवणार? आम्हाला हसवायचं म्हणजे उसावर विनोद, आणि रडवायचं म्हटलं तर आमची ऐपत नाही, असं तुम्ही पुण्यातून निघतानाच ठरवून निघता. तिकीट तेच आणि माल अर्धा. नाटक वाईट असेल तर असू दे. आम्ही पुरतं बघू आणि वाईट म्हणू. पण आमच्या वतीनं कंटाळायला तुम्हाला कुणी सांगितलं?

हे उठून दाराशी जाऊन उभे राहिले, आमची ओळख नसल्यासारखे. कॉलेजच्या मुलींपैकी एक मोबाईलवर शूटिंग करत होती, तिला अध्यक्षांनी हातानं थांबवलं.

तेवढ्यात विंगेतून तो म्हातारा नट बाहेर आला. चेहरा अर्धा पुसलेला, गळ्यात टॉवेल, खांद्याला बॅग. बहुधा बसकडे निघाला होता आणि आवाज ऐकून वळला होता. काय झालंय ते त्यानं सेटवरच्या कामगाराला विचारलं, मग रंगमंचाच्या कडेला आला.

"तो माझाच प्रवेश आहे," तो म्हणाला. "मेणबत्तीचा."

"काका, तुम्ही बसमध्ये बसा," व्यवस्थापक म्हणाला.

"दौऱ्यावर निघाल्यापासून केलेला नाही," तो आमच्याकडेच बघून म्हणाला. "मी विचारलं होतं यांना. म्हणाले, नंतर बघू." त्यानं बॅग खाली ठेवली. सोफा उचलून नेला होता, एक खुर्ची राहिली होती, ती ओढून बसला. "विहीणबाई बसमध्ये आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना परत चढायला लावत नाही. त्या इथं बसलेल्या असतात असं समजा. मटार नाहीत."

आणि त्यानं सुरुवात केली.

तो प्रवेश नंतर किती सुंदर झाला, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. प्रवेश पडला. डोक्यावर पांढऱ्या ट्यूबा, मागे फळ्या सोडवणाऱ्यांची ठोकाठोक, समोर उत्तर द्यायला कुणी नाही. विहीणबाईंची वाक्यं गाळून त्याला स्वतःची वाक्यं जुळवता येईनात. दोनदा अडकला, एकदा मागे जाऊन परत आला. दमलेला होता. राग आलाय, हे वाक्य त्यानं म्हटलं आणि नेमकं तेव्हाच मागे एक फळी आपटली. शेवटी म्हातारा मोकळा होऊन हसतो, तसा तो हसला. त्या हसण्यात काही जीव नव्हता. मग उठला, हात जोडले, बॅग घेतली. आम्ही सहासात जणांनी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या हॉलमध्ये त्या फार लहान वाटल्या.

त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं आणि त्यानं माझा राग दुप्पट झाला. हेच मेणबत्तीच्या उजेडात, वेळेवर, मान ठेवून करायला नाटकवाल्यांचं काय जात होतं?

आबा उठताना म्हणाले, "लय लांबलं. पन बगितलं." बायकोला घेऊन निघून गेले.

अध्यक्षांनी मला नमस्कार केला नाही. ह्यांना मात्र खांद्यावर हात ठेवून बाजूला घेतलं आणि काहीतरी सांगितलं. नंतर कळलं की पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीतून ह्यांचं नाव गेलं. बारामतीत कंपन्या यायला तयार नाहीत त्याला एक बाई कारण आहे, असंही बोललं गेलं. बोलोत.

आम्ही गाडीत बसलो. पशुखाद्याचं दुकान मागे गेलं तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. कन्हेरीचा फाटा जवळ आल्यावर अक्का मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मला ह्ये दावाय आनलं व्हतंस तू."

"हो."

"समजतं मला. अडानी न्हाय मी."

"मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

"बरं?" त्या म्हणाल्या. "त्यो हसला कशाला शेवटाला? राग आलाय म्हनतो आन हसतो. खोटं हाय ते. बोललं म्हंजी जातो व्हय राग?"

मला पुण्यात ते हसणं आवडलं होतं.

"आन एक सांगितलंच न्हाय त्यानं," अक्का पुढं म्हणाल्या. "त्याच्या बायकूनं त्याला सांगितलं न्हाय, बरं. पन कुनाला तरी सांगितलं असंल. मानूस असलं एकट्यानं नेत न्हाय. ज्याला ठावं व्हतं त्याला त्यानं काय केलं, ते दावायचं व्हतं."

गाडी फाट्यावरून सरळ पुढं गेली. तीस वर्षं ज्या वळणावर हे डोळे मिटून वळतात ते वळण चुकलं. "अरे," असं काहीतरी म्हणून त्यांनी गाडी मागे घेतली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आरशातूनही अक्कांकडे पाहिलं नाही.

अक्कांना सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

भवानीनगर मागे पडलं. मग ते बोलले. दादांनी त्यांना उन्हाळ्यातच सांगितलं होतं, शेताच्या बांधावर बसून. शपथ घातली होती. ऑपरेशन करायचं नाही, खर्च करायचा नाही, तिला कळू द्यायचं नाही.

"आणि तुम्ही ऐकलंत."

"थोरला भाऊ. हात धरून सांगितलं त्यानं. आणि वहिनींना झेपलं नसतं गं. तू ओळखतेस त्यांना."

झेपलं नसतं. मघाशी दोन मोबाईलवाला पोरगा दुसरं काय म्हणाला होता? मी ते ह्यांना म्हटलं नाही. त्या क्षणी मला नाटकाचं काही आठवायचंच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "हे तुम्ही जाऊन सांगायचं. मी सांगणार नाही. आणि तुम्ही सांगेपर्यंत मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही."

ते आठवडाभर टाळत राहिले. कारखान्यात काम आहे, गाडीचं पंक्चर आहे, अक्कांचं डोकं आधीच ठिकाणावर नाही. मी डबा भरून द्यायचे आणि बोलायचे नाही. पुढच्या रविवारी सकाळी ते स्वतःच म्हणाले, चल.

अक्का गोठ्यात होत्या, काळ्या गाईची धार काढत होत्या. ह्यांनी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी धार थांबवली नाही. दुधाचा आवाज बादलीत तसाच येत राहिला, आणि मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. मग त्या उठल्या, बादली बाजूला ठेवली, पदराला हात पुसले.

"भावजी, उन्हाळ्यापासनं ठावं व्हतं तुमाला?"

"व्हय, वहिनी."

"मी रोज भांडत व्हते त्यांच्याशी. कालवन तिखट झालं म्हनून जेवत न्हवते, तर मी म्हनायची, सोंगं करताय पित्ताची. ताट उचलून घेतलं एकदा पुढनं." त्यांचा आवाज वर गेला नाही. "तुमी एकदा तरी म्हनायचं, वहिनी, नका भांडू."

ह्यांनी शपथेचं सांगायला सुरुवात केली.

"जावा हितनं," अक्का म्हणाल्या.

ते गेले. मी थांबले. अक्कांनी परत बादली घेतली, पण बसल्या नाहीत. गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेले तर हातानंच मला लांब राहायला सांगितलं. मी लांब राहिले.

त्यानंतर सून परत आली. तिला आणायला अक्का स्वतः गेल्या होत्या, तिच्या आईसमोर दोन शब्द कमीपणा घेऊन बोलल्या म्हणे. डेअरीवरचा माणूस आता त्यांना नमस्कार करतो. मला त्या फोन करतात, पूर्वीपेक्षा जास्त. एकदा म्हणाल्या, "दुसरं कुटलं नाटक आलं तर सांग. पन हसायचंच बग." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन पुरं."

ह्यांच्याशी त्या बोलत नाहीत. दादांच्या श्राद्धाला सगळी भावकी जमली होती. अक्का स्वतः वाढत होत्या, प्रत्येकाच्या पानापुढं वाकून, आग्रह करून. ह्यांच्या पानाशी आल्या की पुढं जायच्या आणि मागून सून येऊन वाढायची. सगळ्यांना दिसलं. हे मान खाली घालून जेवले. भाकरी संपली तेव्हाही मागितली नाही.

घरी येताना म्हणाले, "तू तरी समजावून सांग त्यांना. किती दिवस चालायचं हे?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. समजावून सांगायला मी गेले नाही. माझा स्वतःचाही राग अजून पुरता झालेला नाही.